उभी रेघ, गोल आणि गाडीतले पिवळे दिवे: चालू कुठलं, बंद कुठलं?

सांतेरी_डिचोली

मंडळी, तीन प्रश्न आहेत. वेगवेगळे धागे काढत नाही, कारण तिन्हींत गोंधळ एकाच जातीचा आहे.

पहिला. विहिरीवरच्या पंपाची पेटी नवीन बसवून नवरा जहाजावर गेला. पेटीवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे आहेत आणि तिन्ही रात्रंदिवस पेटलेले असतात. सासूबाई म्हणतात, लाल दिवा म्हणजे बिघाड, पंप लावू नकोस. पाणी तर व्यवस्थित चढतंय.

दुसरा. जनरेटरसाठी भिंतीवर फिरवायची मूठ आहे. एका बाजूला उभी रेघ, मध्ये गोल, दुसऱ्या बाजूला दोन उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद, इथपर्यंत कळलं. मग दोन रेघा म्हणजे काय, जास्त चालू?

तिसरा आणि खरा. आम्ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. परवा बॅटरी बदलली आणि तेव्हापासून डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र पेटलेलं आहे, त्याखाली ‘ऑफ’ लिहिलंय. दिवा पेटलाय आणि वर लिहिलंय ऑफ! जिथे बॅटरी बदलली तिथे म्हणाले, सेन्सर गेला, बदलावा लागेल. आकडा ऐकला आणि गाडी घेऊन परत आले. चवथीला मला काणकोणला माहेरी जायचंय, म्हणजे पावसात करमल घाट. या दिव्यासकट जाऊ का?

नुस्तेखाऊ

‘जास्त चालू’ वाचून चहा सांडला. पण आमच्याकडच्या मुठीवरही दोन रेघा आहेत आणि मी आजवर कुणाला विचारायचं धाडस केलेलं नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

वायरमन_फोंडा

सांतेरी बाय, सासूबाईंना सांगा निर्धास्त राहा. ते तीन दिवे बिघाडाचे नाहीत. तुमच्याकडे थ्री फेज लाईन आहे आणि आपल्याकडे तीन फेजचे रंग लाल, पिवळा, निळा असे धरतात. एकेक दिवा एकेका फेजवर. तिन्ही पेटलेत म्हणजे वीज खात्याकडून तिन्ही फेज येतायत. काळजी करायची ती एखादा विझला तर. मग एकतर बल्ब गेला किंवा फेज गेला. पावसात तारेवर माडाचं झावळ पडून एकच फेज जाणं आपल्या गावांना नवीन नाही. अशा वेळी हिरवं बटण दाबलं तर मोटर उठत नाही, नुसती घुंघुं करते आणि वाइंडिंग तापतं. मोटर चालू असताना फेज गेला तर ती फिरत राहते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही, पण उरलेल्या दोन फेजवर जादा करंट खेचते आणि तासाभरात वास येतो. पेटीत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलाय का, हे नवऱ्याला फोनवर विचारा. असेल तर एखादा फेज गेला की तो स्वतःच मोटर बंद पाडतो. नसेल तर रिवाइंडिंगवाल्याचा नंबर जवळ ठेवा.

मुठीचं. एक रेघ म्हणजे पहिला पुरवठा, खात्याची लाईन. दोन रेघा म्हणजे दुसरा पुरवठा, तुमचा जनरेटर. मधला गोल म्हणजे घर दोन्हींपासून सुटलं. चेंजओव्हर स्विच म्हणतात याला. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ नयेत यासाठीच तो असतो. जनरेटरची वीज उलटी खांबावर चढली तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तिचा दाब कित्येक पट होतो आणि लाईन बंद आहे असं समजून वर चढलेला लाईनमन जीवानिशी जातो. ज्यांच्याकडे अशी मूठ नाही आणि जे दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून जनरेटर सॉकेटमध्ये खुपसतात, त्यांनी ती वायर आजच कापून टाकावी.

आता लोक जिथे नेहमी फसतात तिकडे येतो. भिंतीवरचा साधा स्विच आपल्याकडे खाली दाबला की चालू. अमेरिकेत उलट, तिथे वर केला की चालू. आणि त्याच भिंतीवरच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका, मात्र आपल्याकडेही वर केला की चालू, खाली पाडला की बंद. बऱ्याच एमसीबींना बारीक खिडकी असते. आत लाल दिसलं तर चालू, हिरवं दिसलं तर बंद. गिऱ्हाईक म्हणतं, कंपनीने रंग उलटे लावले. रंग बरोबर आहेत, ते वायरमनसाठी लावलेत. लाल म्हणजे पुढे वीज आहे, हात घालू नको. हिरवं म्हणजे आतले कॉन्टॅक्ट सुटलेत. हिरवं बघूनही मी टेस्टर लावल्याशिवाय हात घालत नाही तो भाग वेगळा.

एमसीबी ट्रिप झाला तर काही कंपन्यांचा खटका मध्येच अडकून राहतो. तो नुसता वर ढकलून बसत नाही. आधी पूर्ण खाली, मग वर. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा ढकलू नका, कुणाला तरी बोलवा.

मांडवीपार

वायरमनसाहेबांना पुरवणी. रेघ आणि गोल ही आयईसी ६०४१७ या विजेच्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली चिन्हं आहेत. रेघ क्रमांक ५००७, गोल क्रमांक ५००८. १ म्हणजे आहे, ० म्हणजे नाही, असं धरलं की डोक्यात बसतं. एक्स्टेंशन बोर्डावर किंवा कॉम्प्युटरच्या मागे दोन बाजूंना दाबायचा जो रॉकर स्विच असतो, त्यावर जी बाजू आत गेलीय ती वाचायची. माणसाची नजर वर आलेल्या बाजूवर जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

एकच बटण पुन्हा पुन्हा दाबायचं असेल तर दोन वेगळी चिन्हं येतात, आणि ती दिसायला सख्खी भावंडं आहेत. अखंड गोल आणि त्याच्या पोटात पूर्ण मावलेली रेघ, हे ५०१०. या बटणाने उपकरण मेन लाईनपासून सुटणं अपेक्षित आहे. वरून फुटलेला गोल आणि फटीतून डोकं बाहेर काढणारी रेघ, हे ५००९, म्हणजे स्टँडबाय. आतमध्ये काहीतरी जागं आहे. १९७३ साली हे फुटक्या गोलाचं चिन्ह स्टँडबायसाठी मानकात आलं. पुढे उत्पादकांनी ते कुठल्याही पॉवर बटणावर सरसकट छापायला सुरुवात केली, कारण दिसतं छान. टी-शर्टांवरसुद्धा छापतात. त्यामुळे फुटका गोल दिसला तर उपकरण पूर्ण बंद झालं असं धरू नये, भिंतीवरून बंद करावं.

निवृत्त_मास्तर

म्हणजे आमच्या टीव्हीचा लाल दिवा, जो टीव्ही बंद केल्यावरच पेटतो, तो बरोबर आहे तर. मी रोज रात्री उठून त्याच्यावर रुमाल टाकतो.

मांडवीपार

बरोबर आहे मास्तर. रिमोटची वाट बघत बसलाय तो. रुमालापेक्षा भिंतीवरचा स्विच बंद करा. जून आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात तर प्लगच उपटून ठेवा. ढगातून इथवर आलेल्या विजेला स्विचमधली दोन-तीन मिलिमीटरची फट काय अडवणार?

वायरमन_फोंडा

मानकं ठीक आहेत हो, पण आमच्या धंद्यात छापील खुणेवर विसंबून चालत नाही. वाळपईकडे एका जुन्या घरात गेलो होतो. स्विच बंद, बल्ब बंद, सगळं जिथल्या तिथे. होल्डरला टेस्टर लावला तर पेटला. कुणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेला. खूण म्हणते बंद, दिवा म्हणतो बंद, आणि होल्डरमध्ये पूर्ण फेज. स्विच बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद लुकलुकत राहत असेल तर त्यामागे हेही एक कारण असतं, तपासून घ्या. जिन्यातल्या टू-वे स्विचला तर चालूची अशी बाजूच नसते. वरचा फिरवला की खालच्याचा अर्थ बदलतो. तिथला बल्ब बदलायचा तर मेन पाडून.

गॅरेज_म्हापसा

दिवसभर गाडीखाली होतो, आत्ता वाचलं. बाय, सेन्सर बदलू नको. आधी हे वाच.

गाडीत रंग आधी बघायचा, चित्र नंतर. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे घरी जा, पण दाखवून घे. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढी नुसती खबर. ही चित्रं आयएसओ २५७५ मानकातली, म्हणून जपानी गाडी असो की कोरियन की आपली, फार फरक पडत नाही. पंपाच्या पेटीतल्या लालचा आणि एमसीबीच्या लालचा इथे काही संबंध नाही.

लालमध्येही माझी उतरंड आहे. सगळ्यात वर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं दिसणारं चित्र, टोकाला थेंब. ऑइलचं प्रेशर गेलं. इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्यांच्या इंजिनांवर माझं घर बांधून झालंय. ऑइल कमी झालेलं असलं की चोर्ल्याच्या वळणांवर हा दिवा नुसता चमकून जातो, कारण वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाला हवा लागते. सपाटीला आला की विझतो आणि माणूस विसरतो. विसरू नका. गाडी सपाट जागी लावा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा.

दुसरा थर्मामीटर. लाल झाला तर बाजूला घ्या, इंजिन बंद, बॉनेट वर, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात नाही. गरम असताना ते उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. काही गाड्यांत हाच थर्मामीटर सकाळी निळा दिसतो. इंजिन अजून गार आहे एवढाच त्याचा अर्थ, थोडं हळू घ्या.

तिसरा बॅटरीचं चित्र. यावरून माझ्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात. नवीन बॅटरी टाकली तरी दिवा जात नाही म्हणून लोक येतात. अरे, तो दिवा चार्जिंगचा आहे. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागतो. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही फिरतो. पट्टा तुटला तर बॅटरीच्या दिव्यामागोमाग थर्मामीटरही येतो, म्हणून आधी बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे का ते बघा. पट्टा शाबूत असेल तर दिवसा एसी बंद करून थोडं अंतर जाता येतं, कारण गाडी बॅटरीत आहे तेवढ्यावर चालते. रात्री पावसात, हेडलाईट आणि वायपर दोन्ही लागत असताना, जाऊ नका.

चौथा गोलात उद्गारचिन्ह. हँडब्रेक ओढलेला असतो. सोडूनही पेटलेला राहिला तर ब्रेक ऑइल उतरलंय. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि ऑइल तिकडे जातं, त्यामुळे वरची बाटली रिकामी होते. नुसतं ऑइल ओतून दिवा घालवला तर झिजलेले पॅड तसेच राहतात. आणि गळती असेल तर विचारूच नका.

आता तुझा पिवळा. घसरणाऱ्या गाडीचे दोन दिवे असतात. नुसतं चित्र लुकलुकलं तर गाडीला घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा त्या क्षणी काम करतेय, चाक घसरलं आणि तिने सावरलं. तेच चित्र स्थिर पेटून राहिलं तर बिघाड. खाली ‘ऑफ’ लिहिलेलं पेटलं तर यंत्रणा बंद आहे. म्हणजे हा दिवा पेटला की ती झोपली, विझला की जागी. गाडीत असे उफराटे दिवे बरेच आहेत. ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ तसाच. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमधला ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचा, ‘ओडी ऑफ’ तसाच. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचा, ‘ए’भोवती बाण आणि खाली ऑफ, तोही तसाच. कायम चालू असायला हवं त्याचा दिवा ते बंद पडल्यावर पेटवायचा, असा कंपन्यांचा हिशेब. बटणावर जो शब्द लिहिलाय तो दाबल्यावर काय होईल ते सांगतो, आणि त्या बटणाचा दिवा आत्ता काय झालंय ते सांगतो. हे एकदा पक्कं केलं की निम्मे फोन कमी होतील माझे.

तू बॅटरी बदललीस. बॅटरीची वायर सुटली की स्टिअरिंग नक्की सरळ कुठे असतं, हे बऱ्याच गाड्यांच्या डोक्यातून जातं, आणि ते कळेपर्यंत ही यंत्रणा कामाला लागत नाही. मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग सरळ कर. त्यानंतर सरळ रस्त्यावर थोडी चालव. बंद करून परत चालू कर. बहुतेक वेळा एवढ्याने जातो. नाही गेला तर स्कॅनर लावून कोड वाचायचा, आणि सेन्सरचं नाव कोडमध्ये आलं तरच सेन्सरचं बोलायचं. तेव्हाही आधी चाकाजवळ पाण्याचा फवारा मारून बघायचा. आपली लाल माती त्या सेन्सरवर थापून बसते.

पर्वरीकर_टॅक्सी

निळ्या दिव्याबद्दल कुणी बोललंच नाही. हेडलाईटची दोन चित्रं असतात. किरणं खाली झुकलेली आणि हिरवी, तो लो बीम. किरणं सरळ आडवी आणि निळी, तो हाय बीम. गॅरेजभाऊ म्हणतात निळा म्हणजे नुसती खबर. चालवणाऱ्याला खबर असेल, समोरून येणाऱ्याचे डोळे जातात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या शिवोली-हणजुणच्या अरुंद रस्त्यांवर रात्री बघा. निळा दिवा पेटलेला आणि स्टिअरिंगवरच्याला गंधही नाही. आपले लोक काही कमी नाहीत, फक्त आपल्यांना हॉर्न वाजवला की निदान खाली करतात.

आणि लाल त्रिकोणाचं बटण. पाऊस वाढला की चारही इंडिकेटर चालू करून पळवायची काय पद्धत पडलीय?

नुस्तेखाऊ

मी करतो ते. मागच्याला दिसायला नको का? मुसळधार पावसात पुढची गाडी चार हातांवर येईपर्यंत दिसत नाही.

पर्वरीकर_टॅक्सी

दिसायचं असेल तर लो बीम लाव, त्याबरोबर मागचे दिवे आपोआप लागतात. मागचा फॉग लॅम्प असेल तर तोही, पिवळं चित्र येतं त्याचं, पाऊस ओसरला की बंद कर, नाहीतर मागच्याला टोचतो. चारही लुकलुकत असताना तू लेन बदलणार की सरळ जाणार की उभा राहिलायस, हे मला कळणार कसं? एका बाजूचा दिवा मला दिसला आणि दुसरा ट्रकआड गेला तर मला वाटणार तू वळतोयस. तो त्रिकोण गाडी बंद पडून रस्त्यात उभी असेल तेव्हाचा. चौकात सरळ जायचंय म्हणून तो लावणारे तर वेगळेच.

नुस्तेखाऊ

पटलं असं म्हणत नाही, पण आज येताना लावला नाही.

सांतेरी_डिचोली

दिवा गेला! घरामागच्या मैदानात स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं, साखळीच्या रस्त्याला लागले, आणि साखळी यायच्या आधीच विझला. देव बरें करूं, गॅरेजभाऊ. पेटीत प्रिव्हेंटरही आहे, नवऱ्याने फोटोवर गोल करून पाठवला. सासूबाईंनी आता तीन दिवे मोजायचं काम स्वतःकडे घेतलंय, सकाळ-संध्याकाळ.

आता नवीन भानगड. परतताना बायपासला गाडी जरा पळवली तर मधूनमधून टुं टुं वाजायला लागलं. दिवा कुठलाच नाही. वेग कमी केला की थांबतं.

पर्वरीकर_टॅक्सी

८० च्या वर गेली होतीस. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. ८० ओलांडली की थांबून थांबून वाजतं, १२० च्या पुढे सलग. सीटबेल्ट न लावल्याचा आवाज आणि रिव्हर्सचा सेन्सरही त्याच वेळी आले. माझ्या ओळखीतल्या एकाने हे टुं टुं बंद करून घ्यायला पैसे मोजले. घाटात एवढ्या वेगाची गरजच नाही. करमलला खाली उतरताना मॅन्युअल मोड किंवा ‘२’, ‘एल’ असं जे काही दांड्यावर असेल ते लाव, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नको.

डोंगरवाट

धागा वाचून विचारावंसं वाटलं. डिझेल, बीएस-६. फोंड्यात घर, कुंडईला नोकरी. नळकांड्यात ठिपके असं पिवळं चित्र आलंय. गाडी नेहमीसारखी चालते.

गॅरेज_म्हापसा

डीपीएफ. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते, पण त्यासाठी एग्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि तापलेला राहावा लागतो. कुंडई येईपर्यंत तो तापायला सुरुवात होते आणि तू किल्ली काढतोस. रोज तेच. आपल्या गोव्यातली अंतरंच अशी की डिझेल घेणाऱ्याला मी आधी विचारतो, रोजचं किती आहे?

हायवेला जा. ६० च्या वर, एकसारखा वेग, साधारण पंधरा-वीस मिनिटं, तुझ्या गाडीच्या पुस्तकात नेमकं काय लिहिलंय ते बघून. दिवा विझेपर्यंत मध्ये बंद करू नको. पंख्याचा आवाज वाढेल, थोडा वास येईल, घाबरू नको. फक्त थांबलास तर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नको, खालची नळी भयंकर तापलेली असते. आत्ता टाळलंस तर त्याच्या जोडीला इंजिनाचा पिवळा दिवा येईल, गाडी ओढ घेणार नाही, आणि मग मशीन लावूनच साफ करावा लागेल.

मांडवीपार

इंजिनाच्या पिवळ्या दिव्याचं राहिलंच की. तो स्थिर असेल तर दाखवायला वेळ आहे. लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो. ॲक्सिलरेटर सोडा, जमेल तितक्या लवकर थांबा. एप्रिल २०१३ पासूनच्या आपल्या गाड्यांत ओबीडी-२ आहे, म्हणजे बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा डबा लावून मोबाईलवर कोड वाचता येतो. पी०३०० आला तर मिसफायर, पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर.

गॅरेज_म्हापसा

वाचा, जरूर वाचा. पण त्याच ॲपमध्ये ‘कोड पुसा’ असं बटण असतं, ते दाबून लोक माझ्याकडे येतात. पुसल्यावर दिवा जातो, दुखणं राहतं, आणि मला शोधायला पुरावा उरत नाही. आधी कोडचा फोटो काढा.

कुंकळ्ळीचा_बाब

उशिरा आलो. रविवारी मडगावला जुनी गाडी बघायला जातोय. डॅशबोर्ड एकदम स्वच्छ आहे, एकही दिवा नाही, असं विकणारा म्हणतो. आणखी काय बघू?

गॅरेज_म्हापसा

स्वच्छ डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नको बाब. किल्ली ‘ऑन’ला ने, इंजिन चालू करू नको. तेव्हा ऑइल, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे पेटायलाच हवेत. गाडी स्वतःचे बल्ब तपासते. एअरबॅग आणि एबीएसचे काही सेकंदांत विझतात, ऑइल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर. त्या वेळी एखादा पेटलाच नाही, तर बल्ब काढलाय किंवा त्यावर काळी टेप मारलीय. एअरबॅगचा आणि इंजिनाचा हे दोन खास बघ. आधी ठोकलेल्या गाडीत उघडलेली एअरबॅग नवीन बसवायला खर्च फार येतो, दिवा दाबायला काहीच लागत नाही. काही बहाद्दर एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे तो पेटतोही आणि विझतोही. म्हणून दोन्ही अगदी एकाच क्षणी विझले तर शंका घे.

पुश बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दोनदा दाब. पहिल्यांदा ॲक्सेसरी, दुसऱ्यांदा ‘ऑन’.

मांडवीपारांचा तो डबा असेल तर तोही ने. कोड कालच पुसलेले असतील तर ॲपमध्ये ‘रेडीनेस’च्या रकान्यात तपासण्या अपूर्ण दिसतात. बॅटरी नुकती काढली असली तरी तसंच दिसतं, तेव्हा ‘बॅटरी बदलली’ म्हणाला तर पावती माग.

कुंकळ्ळीचा_बाब

तो म्हणाला, तुम्ही यायच्या आधी गाडी बाहेर काढून चालू करून ठेवतो, तुमचा वेळ वाचेल.

गॅरेज_म्हापसा

त्याला सांग, वेळ भरपूर आहे. गाडी गार हवी आणि किल्ली तुझ्या हातात हवी. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर कॉफी पिऊन ये, तासाभराने परत जा.